‘कॅन्डिडा स्पीशीज’ एवढंच लिहून थांबू नका : कल्चरवरून यीस्ट ओळखण्याची पायरीपायरीची वाट

डीएमएलटी किंवा एमएस्सी मायक्रोबायॉलॉजी संपवून पुण्यातल्या एखाद्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रुजू झालात की जिवाणूंचं काम महिन्याभरात हाताला बसतं. तिथली वाट ठरलेली असते आणि शिकवणारेही पुष्कळ असतात. अडतं ते यीस्टपाशी, म्हणजे एकपेशी बुरशीपाशी. प्लेटवर लोण्याच्या थेंबासारख्या पांढऱ्या कॉलनी येतात, ग्रॅम स्टेनमध्ये जांभळ्या अंडाकृती पेशी आणि त्यांना फुटलेले कोंब दिसतात. मग रिपोर्टवर ‘कॅन्डिडा स्पीशीज’ लिहून आपण पुढच्या प्लेटकडे वळतो. पहिलं वर्षभर मीही हेच केलं, कारण पुढे काय करायचं हे नीट बसवून कुणी सांगितलंच नव्हतं.

जातीचं नाव कळल्यानं पेशंटच्या औषधात फरक पडतो. कॅन्डिडा क्रुसाय फ्लुकोनाझोलला जन्मतःच दाद देत नाही. ग्लॅब्राटा त्याच औषधाला कमी जुमानते. ऑरिस वॉर्डात एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जाते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या २७ भारतीय आयसीयूंच्या अभ्यासात रक्तातून सर्वाधिक सापडली ती ट्रॉपिकॅलिस, अल्बिकन्स नव्हे. ‘बहुतेक अल्बिकन्सच असेल’ हा अंदाज आपल्याकडे मुळातच कच्चा आहे.

खाली सांगितलेल्या सगळ्या चाचण्या मॅल्डी किंवा व्हायटेक (जंतूचं नाव सांगणारी महागडी यंत्रं) नसलेल्या लॅबमध्येही होतात. खर्च फार नाही. क्रम मात्र मोडायचा नाही.

हाताशी काय हवं

सॅबुरॉड डेक्स्ट्रोज ॲगार (एसडीए, बुरशी वाढवायचा जेलीसारखा मीडिया), क्लोरॅम्फेनिकॉल घातलेला. क्रोमोजेनिक कॅन्डिडा ॲगार (जातीनुसार कॉलनीला रंग देणारा). कॉर्नमील ॲगार आणि ट्वीन ८०. ख्रिस्टेनसेन युरिया. ग्लुकोज, माल्टोज, सुक्रोज, लॅक्टोज आणि ट्रेहॅलोज या पाच साखरा, डरहॅम ट्यूबसह (वायू अडवणारी उलटी छोटी नळी). यीस्ट नायट्रोजन बेस आणि साखरेच्या डिस्क. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी, सी निगेटिव्ह असलेलं मानवी सीरम, अर्ध्या-अर्ध्या मिलीच्या नळ्यांमध्ये गोठवून. इंडिया इंक किंवा निग्रोसिन. लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू. ३७ अंशांचा इन्क्युबेटर आणि शिवाय २५ अंशांवर लावलेला बीओडी इन्क्युबेटर (गारही करू शकणारा).

हा बीओडी चैनीचा समजू नका. पुस्तकात ‘रूम टेम्परेचर’ लिहिलेलं असतं ते २५ अंश धरून. पुण्यात एप्रिल-मेच्या दुपारी पारा ४० च्या आसपास जातो आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे १० च्याही खाली उतरतो. टेबलावर ठेवलेली कॉर्नमीलची प्लेट उन्हाळ्यात फसते, हे मी दोन उन्हाळे वाया घालवून शिकले.

कागदपत्रांत हे लागतं : सॅम्पलसोबतचा भरलेला रिक्विझिशन फॉर्म, लॅबची लेखी कार्यपद्धती, मीडियाच्या प्रत्येक बॅचची क्वालिटी कंट्रोलची वही आणि स्वतःच्या हिपॅटायटिस बी लसीची नोंद. कंट्रोलसाठी ओळखीचे स्ट्रेन हवेतच. कॅन्डिडा अल्बिकन्स एटीसीसी ९००२८, पॅराप्सिलोसिस एटीसीसी २२०१९ आणि क्रुसाय एटीसीसी ६२५८ हे तीन असले तर बरंच काम भागतं (एटीसीसी हा अमेरिकेतला सूक्ष्मजीवसंग्रह, पुढचा आकडा स्ट्रेनचा). पुणेकरांची एक सोय आहे. पाषाणला एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारात एनसीआयएम हा सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे आणि तिथून यीस्टचे स्ट्रेन रीतसर फॉर्म आणि शुल्क भरून घेता येतात.

आणखी एक गोष्ट. महापालिका दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवते ते बहुतेक गुरुवारी. डिस्टिल्ड वॉटर बुधवारीच भरून ठेवा आणि मीडिया ओतायचा दिवस गुरुवार ठेवू नका.

१. आधी फॉर्म वाचा, मग प्लेट बघा

सॅम्पल कुठून आलंय यावर पुढची मेहनत ठरते. रक्तातलं यीस्ट कधीही ‘कंटॅमिनेशन’ म्हणून सोडायचं नाही, त्याचं नाव काढायचंच. सीएसएफ (मेंदू-मणक्याभोवतीचा द्रव) आणि पोटातला किंवा छातीतला निर्जंतुक द्रव यांचंही तेच. थुंकीतली कॅन्डिडा मात्र बहुतेक वेळा तोंडातलीच असते, तिच्यामागे आठवडा घालवू नका. लघवीच्या बाबतीत कॅथेटर आहे का, पेशंट आयसीयूत आहे का, हे वॉर्डात फोन करून विचारा. फॉर्मवर ते लिहिलेलं सापडेलच असं नाही.

२. ग्रोथ एकाच यीस्टची आहे ना?

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे. बाकी सगळ्या चाचण्या हिच्यावर उभ्या आहेत.

माझ्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. रक्ताच्या बाटलीतून यीस्ट आलं. एसडीएवरच्या दाट ग्रोथमधून लूपभर उचललं आणि जर्म ट्यूब लावली (पेशीला नळी फुटते का ते बघणारी चाचणी, पायरी ३). पॉझिटिव्ह आली. ‘अल्बिकन्स’ असा रिपोर्ट गेला. पेशंटला फ्लुकोनाझोल सुरू झालं, तरी पुढच्या दोन बाटल्या पॉझिटिव्हच. आमच्या मॅडमनी जुनी प्लेट मागवली आणि क्रोमोजेनिकवर सब केली, म्हणजे पुन्हा पेरली. दोन रंगांच्या कॉलनी आल्या. अल्बिकन्सच्या आड ग्लॅब्राटा होती. तिची कॉलनी लहान, पेशी लहान आणि जर्म ट्यूब नाही, म्हणून माझ्या नजरेतून ती सुटली. औषध बदललं आणि पेशंट बरा होऊन घरी गेला, पण मधले चार दिवस माझ्या रिपोर्टमुळे गेले. तेव्हापासून शुद्धता तपासल्याशिवाय मी कुठलीही चाचणी लावत नाही.

हे असं करा. मूळ सॅम्पलमधून, किंवा बाटलीतून थेट, क्रोमोजेनिक ॲगारवर चार भागांत नीट स्ट्रीक करा, म्हणजे कॉलनी सुट्या येतील. प्लेट ३५ ते ३७ अंशांवर पूर्ण ४८ तास ठेवा. २४ तासांत रंग पुरता उतरत नाही, त्यामुळे घाईनं वाचलेली प्लेट फसवते. मग वेगळ्या दिसणाऱ्या प्रत्येक कॉलनीला स्वतंत्र नंबर देऊन एसडीएवर सब करा. पुढच्या सगळ्या चाचण्या या २४ ते ४८ तासांच्या ताज्या, शुद्ध ग्रोथवरूनच करायच्या.

रंगांबद्दल दोन इशारे. अल्बिकन्स हिरवी आणि ट्रॉपिकॅलिस निळी हे बहुतेक ठिकाणी जुळतं. क्रुसाय आणि ग्लॅब्राटाचे रंग मात्र कंपनीगणिक बदलतात : एका कंपनीच्या प्लेटवर ग्लॅब्राटा गुलाबी-जांभळट दिसते, तर दुसरीच्या प्लेटवर मलईसारखी पांढरट. पावडरच्या डब्यासोबतचं माहितीपत्रक भिंतीवर चिकटवा आणि नेटवरचा दुसऱ्याच कंपनीचा फोटो बघून नाव देऊ नका. शिवाय माझ्या मते रंगीत प्लेटचं खरं काम भेसळ पकडून देणं हे आहे, नाव सांगणं नव्हे. नावाचा अंदाज तिच्यावरून बांधा, पण रिपोर्ट तिच्यावर टाकू नका.

एसडीएमध्ये सायक्लोहेक्झिमाइड घातलेलं असेल तर ती बाटली यीस्टसाठी वापरू नका. त्वचेच्या बुरशीसाठी ते उत्तम आहे, पण क्रिप्टोकॉकस आणि कॅन्डिडाच्या काही जाती त्यावर वाढतच नाहीत. ‘नो ग्रोथ’चा रिपोर्ट जातो आणि पेशंटचा मेंदूज्वर तसाच राहतो.

३. जर्म ट्यूब : तीन तासांच्या आत

रेनॉल्ड्स आणि ब्रॉड यांनी १९५६ साली दाखवलेली ही चाचणी आजही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची आहे. अर्धा मिली सीरम घ्या. कॉलनीला लूपचं टोक नुसतं टेकवा आणि सीरममध्ये मिसळा. सीरम जेमतेम गढूळ व्हायला हवं. नवे लोक इथेच चुकतात : भरपूर यीस्ट घातलं की चाचणी लवकर लागेल असं वाटतं, पण दाट झालं की अल्बिकन्ससुद्धा ट्यूब काढत नाही. ३७ अंशांवर दोन ते अडीच तास ठेवा, थेंब स्लाइडवर घ्या, कव्हरस्लिप ठेवा आणि ४० च्या ऑब्जेक्टिव्हखाली बघा.

पेशीतून सरळ नळी निघालेली दिसली पाहिजे. तिची रुंदी पेशीच्या साधारण निम्मी असते. मुख्य म्हणजे ती पेशीला जिथे चिकटते तिथे आवळलेली नसते. मुळाशी कंबरेसारखा चिमटा दिसला तर ती जर्म ट्यूब नव्हे, तो स्यूडोहायफीचा (लांबट पेशींच्या साखळीतून बनलेल्या खोट्या धाग्याचा) कोंब. ट्रॉपिकॅलिस असे कोंब काढते, तेही वेळ लांबल्यावर. म्हणून तीन तासांनंतर बघितलेली स्लाइड बाद समजा. जेवणाच्या सुट्टीआधी चाचणी लावून दोन बैठका संपवून परत यायचं, असं करू नका. घड्याळ लावा.

दर वेळी सोबत दोन कंट्रोल हवेत, एक अल्बिकन्सचा आणि एक ट्रॉपिकॅलिसचा. सीरमची नवी बॅच कंट्रोलवर उतरली नाही तर सरळ टाकून द्या.

पॉझिटिव्ह म्हणजे अल्बिकन्स किंवा डब्लिनिएन्सिस. ही दुसरी जात १९९५ मध्ये वेगळी ओळखली गेली. दोघी दिसायला सारख्या, पण ४५ अंशांवर अल्बिकन्स वाढते आणि डब्लिनिएन्सिस वाढत नाही. हे तापमान पाण्याच्या बाथमध्ये थर्मामीटर लावून ठेवा. इन्क्युबेटरच्या डायलवर विसंबू नका. निगेटिव्ह आली म्हणून अल्बिकन्स नाहीच, असंही नाही. तिचे मोजके स्ट्रेन ट्यूब काढतच नाहीत आणि ते पुढच्या पायरीवर पकडले जातात.

४. कॉर्नमील ॲगार : इथे यीस्ट स्वतःचा चेहरा दाखवतं

मला विचाराल तर या सगळ्यातली सगळ्यात सुंदर चाचणी हीच. हिला डालमाऊ प्लेट म्हणतात. कॉर्नमील ॲगारमध्ये १ टक्का ट्वीन ८० घालून पातळ प्लेट ओता. सरळ सुईनं कॉलनीला हलकेच स्पर्श करा आणि ॲगारमध्ये साधारण एक सेंटिमीटर अंतरावर तीन समांतर रेघा मारा. रेघ ॲगारच्या पृष्ठभागाखाली जायला हवी, पण प्लेटच्या तळाला लागता कामा नये. वर निर्जंतुक कव्हरस्लिप ठेवा. २५ अंशांवर ४८ ते ७२ तास. मग झाकण काढून प्लेट तशीच मायक्रोस्कोपच्या स्टेजवर ठेवायची आणि आधी १० खाली, मग ४० खाली कव्हरस्लिपच्या कडेनं बघत जायचं.

कव्हरस्लिपखाली हवा कमी असते, अन्नही बेताचं असतं. अशा उपासमारीत अल्बिकन्स जाड भिंतीचे, गोल, चमकदार क्लॅमिडोस्पोर धरते, बहुतेक धाग्यांच्या टोकाला. सांध्यासांध्याला छोट्या गोल पेशींचे घोसही लागतात. तापमान चढलं की क्लॅमिडोस्पोर येत नाहीत. माझे उन्हाळे गेले ते इथेच.

ट्रॉपिकॅलिस लांबच लांब स्यूडोहायफी काढते आणि त्यांच्या कडेनं पेशी एकेकट्या किंवा दोन-तीन अशा विखुरलेल्या असतात. पॅराप्सिलोसिसचे धागे आखूड आणि वाकडे, मधूनच एखादी राक्षसी जाड पेशी, आणि रेघेच्या कडेनं कोळ्याच्या पायांसारखे झुपके. क्रुसायच्या पेशी लांबट, काडेपेटीतल्या काड्या सांडाव्यात तशा पडलेल्या, धाग्यांना समांतर. ग्लॅब्राटाला धागाच नाही, नुसत्या लहान लहान पेशींचा दाट खच.

आयताकृती तुकडे सुटलेले दिसले तर थांबा. ते आर्थ्रोकोनिडिया आहेत. तुकड्यांसोबत कोंबही असतील आणि युरिएज (युरिया फोडणारं एन्झाइम) पॉझिटिव्ह असेल तर ट्रायकोस्पोरॉन. कोंब नसून तुकड्याच्या एका कोपऱ्यातून हॉकी स्टिकसारखा फाटा निघालेला दिसला तर जिओट्रिकम.

पहिले सहा महिने प्रत्येक प्लेटचं चित्र वहीत पेन्सिलनं काढा. फोनवर फोटो काढणं सोपं आहे, पण चित्र काढताना डोळा नीट बघतो. माझी ती वही अजून टेबलाच्या खणात आहे आणि नवी मुलं तीच चाळून शिकतात.

५. साखरा

ही पायरी कंटाळवाणी आहे, तरी टाळू नका. फर्मेंटेशनमध्ये डरहॅम ट्यूबमधला वायूच मोजायचा. नुसता रंग बदलला म्हणजे फर्मेंटेशन झालं असं नाही. नळ्या दहा ते चौदा दिवस रोज बघा. अल्बिकन्स ग्लुकोज आणि माल्टोजमध्ये वायू देते. ट्रॉपिकॅलिस त्या दोन्हींत देते आणि सुक्रोजमध्येही. ग्लॅब्राटा ग्लुकोज आणि ट्रेहॅलोज, क्रुसाय फक्त ग्लुकोज. लॅक्टोजमध्ये वायू आला तर कॅन्डिडा केफिर ही जात आठवा.

ॲसिमिलेशनसाठी (यीस्ट ती साखर अन्न म्हणून वापरतं का, हे बघायला) यीस्ट नायट्रोजन बेसच्या प्लेटवर यीस्ट पसरून साखरेच्या डिस्क ठेवतात आणि कोणत्या डिस्कभोवती ग्रोथ येते ते बघतात. यीस्ट आधी उपाशी ठेवायला विसरू नका. मूळ प्लेटवरची साखर पेशींसोबत आली की सगळ्याच डिस्कभोवती धूसर ग्रोथ येते आणि काही म्हणजे काही वाचता येत नाही.

साखरांचं उत्तर कॉर्नमीलच्या चित्राशी जुळलं पाहिजे. जुळलं नाही, तर पुन्हा दुसऱ्या पायरीवर जा. दहातल्या आठ वेळा कल्चर शुद्ध नसतं.

६. गोल पेशी, ओलसर कॉलनी : क्रिप्टोकॉकस आणि आपले कारळे

कॉलनी शेंबडासारखी ओघळत असेल, पेशी गोल आणि लहानमोठ्या असतील, धागे नसतील, तर युरिया लावा. क्रिप्टोकॉकस युरिएज पॉझिटिव्ह, कॅन्डिडा बहुतांश निगेटिव्ह. क्रुसाय कधीकधी पॉझिटिव्ह येते, एवढं ध्यानात ठेवा. सीएसएफ असेल तर कल्चरची वाट न पाहता त्याच दिवशी इंडिया इंक करा (काळ्या शाईत थेंब मिसळून बघा) आणि कॅप्सूल, म्हणजे पेशीभोवतीची पारदर्शक कवचं, दिसल्या तर फोन करून कळवा. इथे एक सापळा आहे : पांढऱ्या पेशी आणि हवेचे बुडबुडेही काळ्या पार्श्वभूमीवर गोल दिसतात. कोंब दिसल्याशिवाय आणि पेशीची भिंत दुहेरी, स्पष्ट दिसल्याशिवाय क्रिप्टोकॉकस म्हणू नका.

खात्रीसाठी बर्ड सीड ॲगार. इंग्रजी पुस्तकात गायझोशिया ॲबिसिनिका असं भारदस्त नाव वाचून मी बरेच दिवस ते परदेशी बी समजत होते. ते म्हणजे आपले कारळे, ज्यांची चटणी आपण भाकरीबरोबर खातो! जर्मन शास्त्रज्ञ स्टाइब यांनी १९६२ साली या बियांवर क्रिप्टोकॉकसच्या कॉलनी तपकिरी होतात हे दाखवलं. बियांतलं कॅफेइक ॲसिड घेऊन ही यीस्ट मेलॅनिन बनवते. कॅन्डिडा पांढरीच राहते.

मार्केट यार्डच्या भुसार बाजारातून न भाजलेले, औषध न लावलेले कारळे आणा. एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम, बारीक दळून अर्धा तास उकळा आणि मलमलीतून गाळा. पाणी भरून पुन्हा एक लिटर करा. त्यात ग्लुकोज, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि क्रिॲटिनिन प्रत्येकी १ ग्रॅम, ॲगार १५ ग्रॅम, मग ऑटोक्लेव्ह. ३० अंशांवर ठेवा आणि आठवडाभर बघा. बेभरवशाचं बी नको म्हणून दर नव्या पिशवीच्या बियांवर ओळखीचा क्रिप्टोकॉकस आणि अल्बिकन्स लावून आधी तपासा.

क्रिप्टोकॉकसची जात निओफॉर्मन्स की गॅटी, हे कॅनाव्हॅनिन-ग्लायसिन-ब्रोमोथायमॉल ब्लू ॲगारवर ठरतं. गॅटी हा ॲगार निळा करते.

७. काहीच जुळत नाही? ऑरिस आठवा

कॅन्डिडा ऑरिसचं वर्णन २००९ मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातून मिळालेल्या स्ट्रेनवरून झालं. २०१३ पासून भारतातल्या रुग्णालयांतूनही तिची नोंद होऊ लागली. जर्म ट्यूब नाही, कॉर्नमीलवर बहुधा धागा नाही, रंगीत प्लेटवर फिकट किंवा गुलाबी, आणि ४२ अंशांवर खुशाल वाढते. जुनी बायोकेमिकल किट तिला कॅन्डिडा हिमुलोनाय किंवा भलतंच नाव देतात. आयसीयूतल्या पेशंटमधून असं यीस्ट आलं आणि फ्लुकोनाझोलला रेझिस्टंट दिसलं, तर ‘ग्लॅब्राटा असेल’ म्हणून सोडू नका.

कल्चर चाचण्यांनी तिच्यावर शिक्कामोर्तब होत नाही. मॅल्डी-टॉफ किंवा सिक्वेन्सिंग लागतं. ज्या मोठ्या लॅबमध्ये मॅल्डी आहे तिथे शुद्ध कल्चर स्लँटवर, तिहेरी पॅकिंगमध्ये पाठवा. रोगकारक बुरशींचा राष्ट्रीय संग्रह चंदीगडच्या पीजीआयमध्ये आहे. पुण्यात एनसीसीएस या संशोधन संस्थेचं एनसीएमआर (सूक्ष्मजीवांचं राष्ट्रीय केंद्र) आणि आघारकर संशोधन संस्थेतला बुरशींचा संग्रह आहे, पण पेशंटकडून मिळालेला स्ट्रेन घेतात का, हे आधी विचारून मगच घेऊन जा. दरम्यान शंका आहे एवढं वॉर्डाला आणि इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरना त्याच दिवशी सांगा. टेबल पुसायला क्लोरीनचं द्रावण वापरा. क्वाटर्नरी अमोनियमच्या जंतुनाशकांना ती पुरती बधत नाही.

८. रिपोर्ट आणि स्ट्रेन जपणं

रिपोर्ट टप्प्याटप्प्यानं द्या. रक्तात यीस्ट दिसलं, हे पहिल्याच दिवशी फोनवर. जर्म ट्यूबचा निकाल त्यानंतर, ‘प्राथमिक’ असं लिहून. पूर्ण नाव शेवटी. नावं बदलली आहेत : क्रुसाय आता पिचिया कुद्रियावझेव्हाय आणि ग्लॅब्राटा नाकासिओमायसिस ग्लॅब्राटस. वॉर्डातल्या डॉक्टरांना जुनीच ओळखीची असतात, म्हणून दोन्ही लिहा.

वापरलेल्या प्लेट लॅबमध्येच ऑटोक्लेव्ह करून मग पिवळ्या पिशवीत टाका. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार मायक्रोबायॉलॉजीच्या कचऱ्यावर जागेवरच प्रक्रिया करणं सक्तीचं आहे.

रक्तातला आणि सीएसएफमधला प्रत्येक स्ट्रेन ठेवा. उणे ८० चा फ्रीजर नसला तरी चालतं. झाकणाच्या छोट्या बाटलीत दोन-तीन मिली निर्जंतुक डिस्टिल्ड वॉटर घ्या, त्यात ताजी ग्रोथ मिसळा, झाकण घट्ट लावा आणि कपाटात ठेवा. ही कॅस्टेलानींची जुनी पद्धत आहे आणि यीस्ट अशी कित्येक महिने, बऱ्याचदा वर्षानुवर्षं जगतात. बाटलीवर पेशंटचं नाव नको. लॅब नंबर, तारीख आणि सॅम्पलचा प्रकार पेन्सिलनं लिहून वर पारदर्शक चिकटपट्टी लावा. मार्करची शाई पावसाळ्यातल्या दमट कपाटात पुसट होते, आणि तीन महिन्यांनी तोच पेशंट परत पॉझिटिव्ह आला की डॉक्टर विचारतात, जुनंच यीस्ट आहे का नवं?